रेझिनचे सिलिकॉन साचे इतक्या लवकर का मरतात? (दिवाळी तोंडावर आलीय, मदत हवी)

चिमणचारा · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी कोथरूडला राहते आणि दीड वर्षापासून घरीच रेझिनच्या वस्तू करते (दोन द्रव मिसळून साच्यात ओतायचे, ते काचेसारखं घट्ट होतं). ट्रे, की-चेन, दाराच्या पाट्या, शोभेच्या पणत्या. गणपती उठले की दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होतात, आणि नेमके आत्ताच माझे साचे एकामागून एक आजारी पडलेत.

नवा साचा पहिली पाच-सहा ओतणी आरशासारखा माल देतो. मग चकाकी उतरत जाते. पाट्यांचा साचा आता असा माल देतो की जणू काचेवर कुणी हाss करून वाफ सोडलीय. वर कोपऱ्यात एक ओरखडा, तो प्रत्येक पाटीवर उमटतो. मोठ्या ट्रेच्या साच्यात बरोबर मध्यभागी रेझिन चिकटून बसतं. परवा जोर लावून काढलं तर साच्याचाच रुपयाएवढा तुकडा ट्रेबरोबर उपटून आला. साडेआठशेचा साचा, बाराव्या ओतणीत गेला. आणि पणतीच्या साच्याचा काठ एका बाजूला बसलाय, त्यामुळे सगळ्या पणत्या एकीकडे कललेल्या. नवरा म्हणतो, "कंटाळलेल्या पणत्या" म्हणून वीक.

साचे मी नीट धुऊन-पुसून ठेवते. तरी असं का होतं? सिलिकॉनचं आयुष्यच एवढं असतं, की माझंच काही चुकतंय?

एक_ते_चार_बंद · सोमवार, रात्री १०:३१

"नीट" या शब्दावर पुण्यात कोणी विश्वास ठेवत नाही. पंचनाम्यासाठी तपशील द्या.

शेवंती · सोमवार, रात्री ११:०४

चिमणचारा, दुःख समजू शकते. मी वरमाला जपून ठेवायची कामं घेते (लग्नातले हार रेझिनमध्ये घालून फ्रेम किंवा ठोकळा), त्यामुळे माझे साचे मोठे आणि महाग. एक गेला की त्या महिन्याची कमाई गेली.

वस्तू निघाली की मी साचा घेऊन नळाकडे धावत नाही. आधी रुंद सेलोटेप साच्यात दाबायची आणि उचलायची. धूळ, चमकी, मायका पावडर, रेझिनचे बारीक कण, सगळं टेपला येतं. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. फारच कळकट झाला असेल तर कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब आणि स्वतःची बोटं. ब्रश नाही, घासणी तर नाहीच नाही. मग जाळीवर पालथा घालून ठेवायचा. फडक्याने पुसायचा मोह आवरा, लव बसते. एकदा माझ्या ठोकळ्यात गुलाबाशेजारी पंचाचा धागा गेला होता. नवरीने विचारलं, हा कसला? मी म्हटलं, शेल्याचा असेल. डोळ्यांत पाणी आलं हो तिच्या.

आणि सध्याच्या हवेत रात्रभर तरी वाळू दे. पाण्याचा थेंब राहिला तर रेझिन त्या जागी दुधाळ होतं.

पाणसळ · मंगळवार, सकाळी ६:२०

शेवंतीताईंचं बरोबर आहे, पण रोगी तपासल्याशिवाय औषध कशाला?

चिमणचारा, खरं खरं सांगा, रागावणार नाही. साचा धुता कशाने? वाळवता कुठे? ठेवता कसा? ट्रेमध्ये एका वेळी किती ग्रॅम ओतता? आणि फुगे कशाने मारता?

(मी भोसरीत फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने, करण्यात एकतीस वर्षं काढली. आता नातवंडांबरोबर रेझिन खेळतो. साचा म्हटलं की झोप उडते.)

चिमणचारा · मंगळवार, दुपारी १२:४५

काका, आता लाज वाटतेय.

चिकट डाग राहिले तर थिनरने पुसते, रंगाच्या दुकानात मिळतो तो. अडकलेला कण कटरच्या टोकाने. मग पेपर पसरून त्यावर गच्चीत कडक उन्हात. (ट्रेच्या साच्याच्या पाठीवर छोट्या जाहिराती उमटल्यात. "वधू पाहिजे" वाचता येतं, पण उलटं.) सगळे साचे एकावर एक टबात, पणतीचा सगळ्यात खाली. ट्रेमध्ये साधारण सातशे ग्रॅम, एकदम. फुगे गॅसच्या छोट्या टॉर्चने.

एक_ते_चार_बंद · मंगळवार, दुपारी ४:०१

पंचनाम्याची गरज राहिली नाही, आरोपीने कबुलीजबाब दिलाय.

साच्यावर उलटं म्हणजे वस्तूवर सुलटं उमटेल. ट्रेबरोबर स्थळ मोफत. दिवाळीत चालेल.

निळा_लिटमस · मंगळवार, रात्री ९:१५

एक_ते_चार_बंद, चार वाजता दुकान उघडल्या उघडल्या प्रतिसाद, वा.

जरा रसायनात शिरतो, कारण कारण कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

सिलिकॉन रबराला सहसा काही चिकटत नाही हे खरं, पण ते काचेसारखं बंद नसतं. लहान रेणू त्यात शिरतात, बाहेरही पडतात. शिवाय त्यात थोडं मोकळं सिलिकॉन तेल असतं आणि वस्तू अलगद सुटते त्यात या तेलाचा मोठा हात. आता थिनर घ्या. त्यात टोल्युइनसारखे द्रावक असतात आणि सिलिकॉन टोल्युइन पिऊन टम्म फुगतं. विश्वास नसेल तर तो उपटलेला रुपयाएवढा तुकडा थिनरमध्ये टाकून बघा, डोळ्यांना दिसेल इतका मोठा होईल. वाळला की परत मूळ आकारावर येतो, म्हणून वाटतं, काही बिघडलं नाही. पण थिनर जाताना साच्यातलं तेल घेऊन जातो. आठ-दहा वेळा असं केलं की साचा कोरडाठाक. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सिलिकॉन फार फुगत नाही, त्यामुळे कधीमधी त्याने पुसायला हरकत नाही. भिजत मात्र घालायचं नाही, आणि पुसल्यावर दिवसभर वारा लागू द्यायचा.

दुसरा शत्रू खुद्द इपॉक्सीचा, म्हणजे आपल्या रेझिनचा, हार्डनर (ते घट्ट व्हावं म्हणून मिसळतो तो दुसरा द्रव). तो अमाइन असतो. रेझिन घट्ट होईपर्यंत त्यातला थोडा साच्याच्या वरच्या थरात शिरतो आणि दर ओतणीला तिथलं रबर जरासं बिघडवतो. कितीही जपा, हे चालूच राहतं. पण उष्णता वाढली की हेच काम झपाट्याने होतं. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापते. पातळ थरातली उष्णता निघून जाते, जाड थरात ती कोंडते, आणि सगळ्यात जास्त कुठे? मध्यभागी. तुमचा ट्रे कुठे चिकटतो म्हणालात?

टॉर्चबद्दल: सिलिकॉन वितळत नाही, ते जळून पांढरी भुकटी होते. ती भुकटी म्हणजे सिलिका, वाळूचीच बहीण. काठावर पांढुरकं दिसत असेल तर ती ज्योत लागल्याची खूण.

शेवंती · मंगळवार, रात्री ९:४०

मध्यभागी!! माझा पहिला पंधरा इंची साचा असाच गेला होता. मला वाटायचं, तिथेच फुलं जास्त दाबली जातात म्हणून.

फुलांवरून आठवलं. कोणी वरमाला करणार असाल तर फुलं आधी सिलिका जेलमध्ये आठ-दहा दिवस पुरून वाळवा. पाकळीत ओल राहिली की आत तपकिरी पडते आणि मग नवरा-नवरी दोघंही फोन करतात. (एरवी एकमेकांशी बोलत नसतील, पण तेव्हा एकमत.)

आलेपाक · बुधवार, सकाळी ११:२२

माझा प्रश्न बाळबोध आहे. उकडीच्या मोदकांच्या साच्याला आपण तुपाचं बोट लावतो, तसं या साच्याला खोबरेल लावलं तर वस्तू सुटणार नाही का? आणि घरात चॉकलेटचे सिलिकॉनचे साचे पडून आहेत. नातीला त्यात रेझिनचं काहीतरी करायचंय. करून झालं की धुऊन परत चॉकलेटला घेईन.

निळा_लिटमस · बुधवार, सकाळी ११:५०

आजी, दोन्हीला नाही, आणि दुसऱ्याला तर ठणकावून नाही. आत्ताच लिहिलं तसं, रेझिनमधलं बरंच काही साच्यात शिरून बसतं. धुऊन ते निघत नाही. रेझिनला गेलेला साचा म्हणजे सासरी गेलेली मुलगी म्हणणार होतो, पण ती माहेरी येते तरी. हा स्वयंपाकघरात परत येत नाही.

खोबरेलाने सुटेल, पण रेझिन तेलावरून सरकतं आणि वस्तूवर माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. उरलेलं तेल साच्यात राहतं ते वेगळंच.

शेवंती · बुधवार, दुपारी १:१०

आजी, नात लहान असेल तर इपॉक्सी नकोच. मी पहिले सहा महिने हातमोज्यांशिवाय काम केलं. एक दिवस मनगटावर पुरळ उठलं आणि आता नुसता डबा उघडला तरी खाज सुटते. डॉक्टर म्हणाल्या, एकदा शरीराने डूख धरला की तो सुटत नाही. नायट्राइलचे मोजे, उघडी खिडकी, वाफांसाठीचा मास्क. नातीला प्लास्टर ऑफ पॅरिस द्या, त्याच साच्यात छान निघतं. अर्थात तो साचाही मग चॉकलेटला नाही.

आलेपाक · बुधवार, दुपारी १:३०

बरं झालं विचारलं. एक साचा नातीला देऊन टाकते. मोदक तुपावरच.

उगाच_एक · बुधवार, दुपारी ३:३८

एवढा खटाटोप करून शेवटी प्लास्टिकच ना? पणती मातीची घ्या, कुंभारवाड्यात मिळते. काम झालं की मातीत जाते.

आणि रेझिनच्या पणतीत वात लावतात?!

चिमणचारा · बुधवार, सायंकाळी ५:०२

नाही हो, त्यात बॅटरीचा दिवा ठेवतात. "तेल-वात लावू नये" असं पाकिटावर ठळक लिहिते. आमच्याही दारात मातीच्याच लागतात. :) पण लोक भेट द्यायला हे मागतात, आणि त्यातून माझी घरी बसून कमाई होते. साचे टिकले तर कचराही कमीच होईल की.

खटपट्या · बुधवार, रात्री १०:५५

सगळे विकतच्या साच्यांबद्दल बोलताय, मी स्वतः करतो. माझी फजिती ऐका.

भावाच्या नव्या फ्लॅटसाठी नावाची पाटी करायची होती. अक्षरं पोरांच्या मॉडेलिंग क्लेची केली, महागातलं प्लॅटिनमवालं सिलिकॉन (प्लॅटिनमच्या रसायनाने घट्ट होतं ते) आणलं, शिस्तीत लेटेक्सचे मोजे घातले, उंचावरून सुतासारखी बारीक धार धरून ओतलं (फुगे कमी होतात). दुसऱ्या दिवशी बघतो तर वरून झकास रबर आणि क्लेला लागलेल्या बाजूला नुसता चिकट गम. आठवडा थांबलो, गम तो गमच. मग कळलं की प्लॅटिनमच्या सिलिकॉनला गंधक अजिबात सोसत नाही. गंधक बऱ्याच क्लेमध्ये असतं आणि लेटेक्सच्या मोज्यांतही. म्हणजे मी शत्रूच्या मांडीवर बाळ ठेवलं आणि शत्रूच्याच हातांनी ठेवलं.

टिनवाल्या सिलिकॉनला गंधकाचं वावडं नाही आणि ते स्वस्तही, पण ते हळूहळू आकसत जातं आणि ठिसूळ होतं. वापरा नाहीतर कपाटात ठेवा. माझा टिनचा एक गणपतीचा साचा दोन वर्षांत सोंडेपाशी फाटला. त्यामुळे चिमणचारा, तुमचे स्वस्तातले साचे कुठल्या जातीचे आहेत हेही बघा.

पहिल्यांदाच · गुरुवार, सकाळी ९:१२

छान माहिती. हे सामान पुण्यात कुठे मिळेल? किंमत?

खटपट्या · गुरुवार, सकाळी ९:४५

मी रविवार पेठेत बोहरी आळीत जातो. गाडी कुठे लावायची यावर वेगळा धागा काढा, त्याला शंभर प्रतिसाद नक्की.

एक_ते_चार_बंद · गुरुवार, सायंकाळी ४:०५

चर्चा रंगली आहे म्हणून इतका वेळ दातओठ खात गप्प होतो. आता राहवत नाही. सिलिकॉन हे मूलद्रव्य. संगणकाच्या चिपा होतात त्याच्या. साचे होतात ते सिलिकोनचे. शीर्षकापासून सगळे चुकताय.

निळा_लिटमस · गुरुवार, सायंकाळी ६:३०

तांत्रिकदृष्ट्या बरोबर. नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कीटोन नावाच्या रसायनांच्या चालीवर हे नाव ठेवलं. त्यांना वाटलं, रचना कीटोनसारखी असेल. ती तशी नाही, सिलिकॉन आणि ऑक्सिजनची आळीपाळीने गुंफलेली साखळी आहे. म्हणजे नाव मुळातच चुकून पडलेलं. तेव्हा चुकीच्या नावाचा बरोबर उच्चार करण्यात किती शक्ती घालवायची ते ठरवा. बोहरी आळीत "सिलिकोन द्या" म्हणालात तर दुकानदार म्हणेल, नाही, सिलिकॉन आहे, देऊ?

हॉस्टेल_मेस · गुरुवार, रात्री ११:४८

माझा वेगळाच लोचा आहे. जुलैपासून की-चेनच्या वरच्या बाजूला तेलकट थर येतोय. साचा बदलला, धुतला, तरी येतोच. साच्यातून निघतोय का काही?

निळा_लिटमस · शुक्रवार, सकाळी ७:५०

वरच्या, म्हणजे हवेकडच्या बाजूला ना? मग साचा निर्दोष आहे. दमट हवेत हार्डनरमधला अमाइन हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि ओलाव्याशी जुळतो आणि मेणकट थर धरतो. पूर्ण घट्ट झाल्यावर कोमट पाणी आणि साबणाने धुऊन टाक. पुण्याचा पाऊस संपला की आपोआप थांबेल. तोवर कोरड्या खोलीत ओत आणि हार्डनरची बाटली उघडी ठेवू नकोस.

हॉस्टेल_मेस · शुक्रवार, सकाळी ८:०२

भारी! दोन साचे उगाच फेकले. आई गं.

पाणसळ · शुक्रवार, सकाळी ८:४०

आता माझा नंबर. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ट्रे. साचा साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा धरतो. म्हणजे ६०० चौरस सेंटिमीटर. सातशे ग्रॅम रेझिन, घनता १.१ च्या आसपास, म्हणजे सुमारे ६३५ घन सेंटिमीटर. भागा. थर एक सेंटिमीटरच्या वर गेला. तुमच्या डब्यावर काय जाडी लिहिलीय ते बघा. साध्या आर्ट रेझिनवर बहुतेक वेळा याहून कमी असते. दोन थरांत ओता. पहिला थर आळला, पण बोट लावलं तर अजून चिकटतोय, अशा वेळी दुसरा. आणि डब्यावर रेझिन आणि हार्डनरचं जे प्रमाण (बहुधा २:१) लिहिलंय ते वजनाने की मापाने, हेही एकदा चष्मा लावून वाचा. दोन्ही द्रवांची घनता वेगळी असते. मापाचं प्रमाण वजनकाट्यावर घेतलं तर हिशेब चुकतो, रेझिन नीट आळत नाही, आणि न आळलेलं रेझिन साच्याला चिकटणारच.

उपटलेल्या जागी सिलिकॉनला सिलिकॉनच चिकटतं. नळाच्या कामाचं सीलंट भरता येईल, पण गुळगुळीत होणार नाही. ट्रेच्या बरोबर मध्ये ठिगळ दिसेल. मी असतो तर तो साचा निवृत्त केला असता.

पणती. ती मेलेली नाही, दबलेली आहे. दहा मिनिटं कडकडीत पाण्यात ठेवा, मऊ पडेल. बाहेर काढून त्यात जुनी सरळ पणती बसवा आणि सपाट जागी रात्रभर सोडा. यापुढे साच्यावर साचा ठेवायचा नाही. ठेवावाच लागला तर मध्ये बटर पेपर, पेपर नको (वधू पाहिजे!). आणि ओतताना खाली फळी आहे ती पाणसळीत, म्हणजे अगदी सपाट, आहे का ते बघा. माझं टोपणनाव उगाच नाही. साचा चांगला असूनही फळी कललेली असली तर माल कलतो, आणि दोष जातो साच्याला.

काढण्याची घाई. चोवीस तास म्हणजे चोवीस. आधी चारी कडा बोटाने बाहेर वळवून हवा आत जाऊ द्यायची. "फस्स" असा आवाज येतो, तो आला की निम्मं काम झालं. नाही आला तर कडेने साबणाच्या पाण्याचे दोन थेंब. मधून ओढायचं नाही. फाउंड्रीत नवीन पोरगा पॅटर्न वाळूतून सरळ उपसायचा, तेव्हा आमचे मिस्त्री म्हणायचे, "अरे, दात काढतोयस का?" आधी हलकेच ठोकून सैल करायचं, मग उचलायचं. अडकलेले कण कटरने काढू नका, पुढच्या ओतणीचं ताजं रेझिन ते कण पोटात घेऊन बाहेर येतं. एक रद्दी ओतणी त्यासाठीच करायची, उरलेलं-सुरलेलं रेझिन वापरून.

आता खरा मुद्दा, जो कोणी विचारला नाही. आमच्याकडे पॅटर्न किती नग देईल याचा अंदाज बांधून त्याची किंमत प्रत्येक नगावर चढवायचे. ८५० चा साचा बारा ओतण्यांत गेला म्हणजे ट्रेमागे ७१ रुपये साच्याचे. तीस ओतण्या चालला तर २८. चिमणचारा, तुम्ही ट्रेच्या किमतीत हे धरलेत का?

चिमणचारा · शुक्रवार, सकाळी १०:१५

नाही हो काका. रेझिन, रंग, डबा, कुरिअर, एवढंच धरते. साचा म्हणजे मला "एकदा घेतला" असं वाटत होतं. मिक्सरसारखा.

शेवंती · शुक्रवार, सकाळी ११:३३

काका, बाकी सगळं मान्य, पण साबणाच्या पाण्यावर माझं भागत नाही. चार इंच खोल ठोकळा असतो, मी दर वेळी रिलीज स्प्रे (वस्तू सुटावी म्हणून साच्यात मारायचा फवारा) मारते. आणि तरी नाही निघाला तर फ्रिजमध्ये दहा मिनिटं. गारठला की टुणकन सुटतो.

पाणसळ · शुक्रवार, दुपारी १२:१०

खोल साच्याला स्प्रे हवाच, तिथे मी माघार घेतो. पण उथळ साच्याला दर वेळी मारला तर त्याचाच थर साठतो आणि चकाकी त्यानेच जाते. चार-पाच ओतण्यांनी एकदा, तोही हलका.

फ्रिज खाण्याचा की कामाचा?

शेवंती · शुक्रवार, दुपारी १२:१४

…कामाचा घेते आता.

उगाच_एक · शुक्रवार, दुपारी १२:५०

मेलेल्या साच्यांचं काय करता? का तेही आमच्या हडपसरच्या कचऱ्यात?

खटपट्या · शुक्रवार, रात्री ९:२०

पहिल्यांदाच कामाचा प्रश्न विचारलात. प्लॅटिनमवाले असतील तर बारीक तुकडे करून नव्या साच्याच्या पाठीमागच्या भागात भर म्हणून घालतो. नवं सिलिकॉन जुन्याला धरतं, आणि महागाचं सिलिकॉन कमी लागतं. वस्तूला लागणारी बाजू तेवढी निव्वळ नवी ठेवायची. चिमणचारा, ट्रेचा साचा फेकू नका, मला द्या. वधू पाहिजेसकट.

चिमणचारा · शनिवार, दुपारी २:०५ (तीन आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय, अहवाल द्यायला.

थिनर रंगकाम करणाऱ्या शेजाऱ्यांना देऊन टाकला. देण्याआधी लिटमस यांचा प्रयोग केला. खरंच फुगला तो तुकडा! मुलाने शाळेत नेला.

पणती कडकडीत पाण्यातून उठून सरळ उभी राहिली. चौदा नग काढले, एकही कंटाळलेला नाही. डब्यावर ६ मिलिमीटर लिहिलेलं निघालं, प्रमाण मापाने होतं, आणि मी दीड वर्ष वजनाने घेत होते. ट्रेचा नवा साचा आणलाय, दोन थरांत ओतते, आतापर्यंत सात ओतण्या झाल्या, मध्यभाग शाबूत. जुना खटपट्या यांना दिला, ते स्वतः येऊन घेऊन गेले. टॉर्च आता फक्त मिसळायच्या कपावर, साच्यावर लायटरसुद्धा नाही. ट्रेची किंमत चाळीस रुपयांनी वाढवली. एकीने विचारलं, का वाढवली? साच्याचे, म्हटलं. तिला काही कळलं नाही, पण घेतला.

पाट्यांचा साचा मात्र बरा झाला नाही. निरोप द्यायचा म्हणून एक शेवटची काळी पाटी ओतली, पांढरी अक्षरं भरली आणि दिव्याखाली धरली तर काय! चकचकीत पाटीवर ट्यूबलाइट चमकते, नाव वाचायला मान तिरकी करावी लागते. ही धुरकट पाटी समोरून, बाजूने, कुठूनही वाचता येते. ओरखडा होता त्या कोपऱ्यात स्क्रूचं भोक पाडलं. आता "मॅट फिनिश" म्हणून विकतेय आणि त्यालाच मागणी जास्त आहे. दोन वकिलांनी घेतल्या. उन्हात पिवळ्या पडतील म्हणून घराबाहेरच्या भिंतीवर लावू नका, एवढं सांगते.

पहिली पाटी माझ्याच कामाच्या टेबलावर लावलीय. मजकूर: "साचा धुण्याची पद्धत एकदाच सांगितली आहे. थिनर, कटर व घाई बाहेर ठेवून यावे. कडा सुटल्याखेरीज मध्ये हात घालू नये."

पाणसळ · शनिवार, दुपारी २:४०

चौदा पणत्या सरळ! फळी पाणसळीत होती ना?

चिमणचारा · शनिवार, दुपारी २:५२

होती काका. नवऱ्याच्या मोबाइलमधल्या पाणसळीने बघितली.

पाणसळ · शनिवार, दुपारी २:५५

ती पाणसळ नव्हे. पण असो.

एक_ते_चार_बंद · शनिवार, सायंकाळी ४:००

पाटी उत्तम. फक्त एक विचारायचंय, त्यात "सिलिकॉन" लिहिलंय की "सिलिकोन"?

चिमणचारा · शनिवार, सायंकाळी ४:०३

"साचा" लिहिलंय.